बाबांच्या गाळ्याची पाटी बदलताना: गिरगावातली अडीच वर्षं

गेल्या आठवड्यात भाडेपावती हातात आली, माझ्या नावाची. गिरगाव रोडवर, म्हणजे कागदोपत्री जगन्नाथ शंकरशेट रोडवर, आमचा आठ बाय पंधराचा गाळा आहे, त्याची. जून २०२३ मध्ये मी पहिल्यांदा वकिलांकडे गेले तेव्हा मला पागडी (मालकाला आधी एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यावर जागा घेणं) या शब्दाचा नीट अर्थही माहीत नव्हता आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. गिरगाव, दादर, लालबाग, ठाकूरद्वार असल्या जुन्या वस्तीत ज्यांच्या घरचं दुकान आहे, चालवणारं माणूस गेलंय, शटर खाली आहे आणि पावती अजून आजोबांच्या नावावर आहे, अशी घरं माझ्या ओळखीतच पाच-सहा आहेत. त्यांच्यासाठी. मी वकील नाही, माझ्या बाबतीत जे झालं तेच सांगतेय.

आमचं स्टेशनरीचं दुकान. आजोबांनी १९६१ साली घेतलं, पागडीवर. वह्या, पाठ्यपुस्तकं, कंपासपेट्या, खाकी कव्हर, जूनमध्ये तर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आजूबाजूच्या मराठी शाळा जोरात होत्या तोवर हे चाललं, मग वर्ग कमी होत गेले, आणि २०१७ पासून मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर पत्रे लागले. ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना सांगते, फुटपाथ म्हणजे दोन माणसं जेमतेम जातील एवढी बोळ, एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला पत्रा. पलीकडच्या फुटपाथवरून आमची पाटी दिसायचीच नाही. स्टेशनसाठी काळबादेवी-गिरगावातल्या काही इमारती उतरवल्या, त्यातली दुकानं उठली, आमची इमारत राहिली. बाबा रोज नऊला शटर उघडायचे. दिवसाचा गल्ला कधी तीनशे, कधी दीडशे.

१७ फेब्रुवारी २०२३ ला बाबा गेले. हार्ट अटॅक, घरीच. त्यानंतर चार महिने शटर बंद होतं. आईला तिकडून जायलाही नको वाटायचं, ती भाजीला उलट्या बाजूने खेतवाडीकडे जायची. मी एका ऑफिसात अकाउंट्सला होते, दादा ठाण्याला. कुणालाच काही सुचत नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारचे चष्मेवाले काका घरी आले. म्हणाले, अगं एक मुलगा विचारतोय, मोबाईलची कव्हरं विकायची आहेत त्याला, महिना पंचेचाळीस हजार देईन म्हणतो, उद्या शटर उघडून दिलंस तर उद्यापासून. पंचेचाळीस हजार. माझा पगार अठ्ठावीस होता. आम्ही दोन दिवस त्याच विचारात होतो, आणि खरं सांगायचं तर जवळजवळ हो म्हणणार होतो. दादाच्या मित्राने सांगितलं की आधी धोबीतलावला लघुवाद न्यायालयात भाड्याचे खटले चालवणाऱ्या एखाद्या वकिलाला दाखवा. मुंबईतले मालक-भाडेकरूंचे वाद तिथेच चालतात. २२ जूनला गेलो. सल्ल्याची फी दोन हजार.

त्या पाऊण तासात जे कळलं ते आधी कळलं असतं तर चार महिने वाया गेले नसते. पहिली गोष्ट, मालकाच्या परवानगीशिवाय गाळा दुसऱ्याला दिला तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली तेच जागा खाली करायला लावायचं कारण होऊ शकतं. म्हणजे पंचेचाळीस हजाराच्या मोहात गाळाच गेला असता. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या कामासाठी जागा घेतली त्यासाठी ती सलग सहा महिने, सबळ कारण नसताना, वापरली नाही तर तेही कारण होतं. कलम १६ मध्ये आहे. वकीलबाई म्हणाल्या, "घरात माणूस गेलं हे कारण आहेच, पण ते कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा दुकान उघडा." १७ ऑगस्टला सहा महिने होणार होते.

तिसरी गोष्ट माझ्याबद्दल होती. भाडेकरू गेल्यावर दुकानाच्या जागेचा हक्क आधी कुणाला, तर घरातलं जे माणूस त्याच्याबरोबर त्या दुकानात काम करत होतं त्याला. असं कुणी नसेल तर मग वारसांपैकी एकाला, आपापसात ठरवून, नाहीच जमलं तर कोर्ट ठरवणार. त्यांनी विचारलं, वडिलांबरोबर दुकानात कोण बसायचं? मी म्हटलं, मी. शनिवार-रविवार आणि जूनमध्ये तर सुट्टी काढून. मग त्यांनी विचारलं, काही पुरावा आहे का.

घरी येऊन कपाट उघडलं तर उधारीच्या वह्या मिळाल्या, २००९ पासूनच्या. बाबांचं अक्षर बारीक आणि तिरकं, माझं मोठं. दर शनिवार-रविवारची पानं माझ्या हातची. "जोशी बाई, ४ दोनशे पानी, १ चित्रकला वही, बाकी ६०." अशी शेकडो पानं. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत त्या चाळत बसले, रडत रडत, आणि पुराव्याच्या पानांना पिवळी चिठ्ठी लावत. घाऊक व्यापाऱ्यांची चलनं होती त्यावरही माल घेतल्याची सही माझी होती. तुमच्याकडे असलं काही असेल तर रद्दीत देऊ नका. बिलबुकं, चलनं, दुकानात काढलेला दसऱ्याच्या पूजेचा फोटो, सगळं.

जुलैपासून मी ऑफिस सुटल्यावर साडेसहा ते नऊ दुकान उघडायला लागले. आठवड्यातून चार दिवस, रविवारी पूर्ण दिवस. पहिल्या दिवशी कुलूपच उघडेना, गंजलं होतं, चष्मेवाल्या काकांनी तेल आणून दिलं. आत उंदरांनी कार्डपेपरचे गठ्ठे कुरतडलेले. जे शिल्लक होतं ते विकायला काढलं. कार्बन पेपर, डिंकाच्या बाटल्या, शाईचे पेन, जुन्या छापाच्या फुलस्केप. गिऱ्हाईक येण्यापेक्षा बाबांची चौकशी करायला माणसं जास्त यायची. एक शिक्षिका आल्या, रिटायर झालेल्या, त्यांनी गरज नसताना डझनभर वह्या घेतल्या आणि म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी आमच्या वर्गातल्या किती पोरांना पैसे नंतर दे म्हणून वह्या दिल्या असतील त्याची गणतीच नाही. एक टीप इथेच देते, या काळात लाईटचं बिल शून्यावर येऊ देऊ नका. दुकान वापरात होतं याचा तो सगळ्यात साधा पुरावा, आणि दर महिन्याचं बिल फाईलला लावून ठेवा.

मग सह्यांचं प्रकरण. पावती आजोबांच्या नावावर. आजोबा १९८४ ला गेले, बाबांनी ती बदलून घेतलीच नाही, मालकाकडचे मेहताजी जुन्या नावाने पावती फाडत राहिले आणि आमच्याकडे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्यामुळे आता बाबांची भावंडंही आली त्यात. दोन काका, एक आत्या. शिवाय आई आणि दादा. प्रत्येकाचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र, शंभरच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीकडे. स्टॅम्प, टायपिंग, नोटरी धरून एकेकाला साधारण सहाशे रुपये गेले. (ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या स्टॅम्पच्या जागी पाचशेचा झालाय, तेवढा हिशोब वाढवून धरा.)

धाकटे काका लगेच आले. मोठ्या काकांनी दीड महिना घेतला. ते थेट नाही म्हणत नव्हते, बघू म्हणायचे. मला राग यायचा, पण नंतर आईने सांगितलं की ते कॉलेजात असताना त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायचे, घरात जागा नव्हती म्हणून. मग मी त्यांना फोन करून सहीबद्दल काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं काका एकदा दुकानात येऊन जा. ते आले, पोटमाळ्याची शिडी चढून वर गेले, थोड्या वेळाने खाली आले आणि म्हणाले कुठे करायची सही. आत्या बडोद्याला असते, राखीपौर्णिमेला दरवर्षी येते. ३० ऑगस्टला ती आली, बाबांशिवायची पहिली राखी. तिने दादाला आणि मला दोघांनाही राखी बांधली आणि मग नोटरीकडे आली. ज्यांच्याकडे असं आहे त्यांना सांगेन की घरच्यांच्या सह्या आधी घ्या, मालकाकडे नंतर जा. मालकाला घरात दोन मतं आहेत हे दिसलं की काम लांबतं.

मालकाला सप्टेंबरात रजिस्टर पोस्टाने पत्र दिलं, पोचपावतीसकट. मृत्यूदाखला, प्रतिज्ञापत्रं, वह्यांच्या झेरॉक्स, जुन्या पावत्या, आणि विनंती की पावती माझ्या नावे करावी. उत्तर आलं नाही, पण पुढच्या महिन्यात मेहताजींनी भाडं घ्यायचं नाकारलं. महिना ३८६ रुपये भाडं. मी घाबरले. वकीलबाई म्हणाल्या हे नेहमीचं आहे, मनीऑर्डर करा. पोस्टात जाऊन केली, ती "घेण्यास नकार" म्हणून परत आली, ती परत आलेली पावती फाईलला. पुढच्या महिन्यात पुन्हा. आपण भाडं द्यायला तयार होतो एवढं कागदावर राहिलं पाहिजे. त्या पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंना माझी मनीऑर्डर पाठ झाली होती.

दसऱ्याच्या सुमारास मालकाने बोलावलं. नावबदल आणि धंदाबदल मिळून चार लाख मागितले. धंदाबदल कुठून आला, तर मीच बोलून गेले होते की नुसत्या वह्यांवर आता दुकान चालणार नाही, कोकणातले खायचे पदार्थ ठेवायचे मनात आहे. इथे माझी चूक झाली. हे आधी वकिलांना विचारायला हवं होतं. जागा ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळ्या कामाला वापरली तर तोही वादाचा मुद्दा होतो. शेवटी वकीलबाईंनी तोडगा काढला की स्टेशनरीचं काउंटर ठेवायचं, खाद्यपदार्थ जोडीला, आणि मालकाकडून तसं लेखी संमतीपत्र घ्यायचं. ऑक्टोबर ते जानेवारी बोलणी चालली. चारचे तीन, तीनचे दीड, शेवटी पंचाहत्तर हजार. पागडीत अशी रक्कम घेणं कायद्यानेच मान्य केलंय त्यामुळे चेकने द्यायला आणि पावती घ्यायला काही अडचण नसते, रोखीने अजिबात देऊ नका. अर्धे संमतीपत्रावर, अर्धे भाडेपावती मिळाल्यावर असं ठरलं. हे अर्धे-अर्धे करणं फार उपयोगी पडलं, का ते पुढे येईल. संमतीपत्र ५ फेब्रुवारी २०२४ ला मिळालं.

आता पाटीचं सांगते, कारण त्या काळात अख्ख्या रस्त्याच्याच पाट्या बदलत होत्या. दुकानांवर मराठीत, देवनागरीत ठळक पाटी हवी, दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत, हा नियम २०२२ पासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही लागू झाला होता. व्यापारी कोर्टात गेले होते. २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं दोन महिन्यांत पाट्या करा. म्हणजे २५ नोव्हेंबर. न केल्यास कामगारामागे दोन हजारांपर्यंत दंड. त्या नोव्हेंबरात आमच्या रस्त्यावर जे दृश्य होतं ते मी विसरणार नाही. दिवाळीची गर्दी, आणि शिड्या लावून माणसं इंग्रजी बोर्डांवर फ्लेक्सच्या पट्ट्या चिकटवतायत. काहींनी तर ग्लो साईनवर कापड लावून त्यावर नाव लिहिलं होतं. पाटीवाले एवढे बिझी की फोन उचलायचे नाहीत.

मी नेमकी त्याच वेळी ऑर्डर दिली. एसीपी शीटवर ऍक्रिलिकची अक्षरं, मागून एलईडी, अठ्ठावीस हजार, पाच हजार ऍडव्हान्स. दहा दिवसांत देतो म्हणाला तो डिसेंबर उजाडला. आणि डिझाईन आलं त्यात ल हिंदीतला, उभ्या दांडीचा. आमच्या दुकानाच्या नावात ल दोनदा येतो. आजीच्या नावावरून ठेवलेलं नाव आहे. बाबांच्या जुन्या पाटीवरचा ल गोल, दोन पाकळ्यांचा, शाळेत आपण गिरवला तो. शासनानेही २००९ च्या निर्णयात मराठीसाठी तोच ल ठरवून दिलाय. पाटीवाला म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये हाच फॉन्ट आहे, सगळ्यांना चालतो. मला नाही चालला. सगळी मराठी पाट्यांची धावपळ कशासाठी चाललीय आणि अक्षर मात्र आपलं नको, हे मला पटेना. ऑर्डर कॅन्सल केली, अडीच हजार परत मिळाले, अडीच गेले.

तेव्हाच कळलं की मागून उजेड येणारा बोर्ड लावायचा तर महापालिकेच्या अनुज्ञापन खात्याचं परमिट लागतं आणि त्याची दरवर्षी फी असते. हे पाटीवाल्याने सांगितलंच नव्हतं. नवीन दुकान काढणाऱ्याने एलईडीच्या आधी हे विचारून घ्यावं.

मग लालबागचे एक पेंटर मिळाले, सत्तरीतले, गणपतीच्या मंडळांचे बॅनर रंगवायचे पूर्वी. ते दुकानात आले, जुनी पाटी खाली उतरवून घेतली, बोटाने अक्षरांवरून हात फिरवला आणि म्हणाले एनॅमल आहे, चांगल्या माणसाने केलंय. नव्या पत्र्यावर, सात फूट बाय दोन फूट, तोच वळणाचा ल, निळ्यावर पांढरी अक्षरं, चार दिवस लागले, साडेसहा हजार. जुनी पाटी आत, काउंटरच्या वरच्या भिंतीवर लावलीय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आतलं काम. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं पोटमाळा मोठा करू, दुप्पट जागा होईल. ते केलं नाही. आमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत, शंभरीच्या जवळ आलेली. प्लास्टर, रंग, लाद्या, वायरिंग, शटर हे दुरुस्तीत येतं, पण भिंत हलवणं, माळा वाढवणं हे बांधकामात गेलं की परवानगी, नोटीस, सगळं मागे लागतं. वॉर्ड ऑफिसात काम सुरू करण्याआधी एक साधं पत्र देऊन शिक्का घेतला, कुणी विचारायला आलं तर दाखवायला. एकदा आले, दाखवलं, गेले. खर्च असा आला: वायरिंग ३८ हजार, लाद्या आणि प्लास्टर ५२, रॅक आणि काउंटर ७०, शटर दुरुस्ती ९, रंग १४. आईने तिची एफडी मोडली, बाकी माझी पीएफ सोडून होती नव्हती ती बचत. बाबांचं सागवानी काउंटर मात्र टाकलं नाही, फक्त पॉलिश केलं, त्यावरच आता वह्या-पेन आहेत.

कागदपत्रं या दोन महिन्यांत भराभर झाली आणि याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती होती, म्हणून जरा सविस्तर. एजंटने सगळ्याचे मिळून अठरा हजार सांगितले होते. मी सगळं स्वतः केलं. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंद. तेव्हा, २०२४ मध्ये, वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर लायसन्स नाही, नुसतं रजिस्ट्रेशन लागायचं, वर्षाला शंभर रुपये. मी पाच वर्षांचं घेतलं, पाचशे. पहिल्यांदा अर्ज परत आला कारण मी लाईटबिल जोडलं होतं आजोबांच्या नावाचं, मग संमतीपत्र जोडलं आणि सहाव्या दिवशी चौदा आकडी नंबर आला. छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी उद्यम रजिस्ट्रेशन आधार आणि पॅनवर होतं, पूर्ण फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाईट्स गूगलवर वर येतात त्यापासून सांभाळा. व्यवसाय कराचा पीटीईसी नंबर, वर्षाला अडीच हजार. वजनकाटा घेतला तर त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी. आणि तुम्ही मेतकूट-भाजणी स्वतःच्या पाकिटात भरून विकणार असाल तर पॅकर म्हणून वेगळी नोंद, शिवाय पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन हे सगळं. हे मला एका भाजणीवाल्या बाईंनीच सांगितलं, नाहीतर सुटलं असतं. मी दुकानात काही शिजवत-तळत नाही. तसं करायचं असेल तर महापालिकेचा परवाना, गॅस, आग यांचे नियम लागतात, त्याचा मला अनुभव नाही.

आणि गुमास्ता, म्हणजे दुकानाचं लायसन्स. सगळे अजून गुमास्ताच म्हणतात, पण मी अर्ज केला तेव्हा, २०२४ मध्ये, २०१७ च्या नव्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना लायसन्स घ्यावं लागत नव्हतं, फक्त धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाईन सूचना द्यायची, तिची पावती मिळते, दरवर्षी रिन्यू करायची भानगड नाही. अर्जाला मराठी पाटी दिसेल असा दुकानाचा फोटो जोडावा लागला, म्हणजे पाटी आधी आणि अर्ज नंतर. बाबांचा जुना गुमास्ता फ्रेममध्ये होता, तो घरी नेला.

९ एप्रिल २०२४, पाडव्याला दुकान उघडलं. गिरगावची शोभायात्रा समोरून जाते, सकाळी सातपासून ढोल-ताशे, नऊवारीतल्या बुलेटवरच्या मुली, गर्दी एवढी की शटर अर्धंच वर ठेवलं. आईने पूजा केली. चार वर्षांचा एक मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून आमच्या पाटीवरची अक्षरं जोरजोरात वाचत होता, एकेक अक्षर सुटं करून. डावीकडे आगळ, कुळीथ पीठ, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, गोडा मसाला, रत्नागिरीच्या दोन बचतगटांकडचं आणि आमच्याच वाडीतल्या तीन बायकांनी केलेलं. उजवीकडे वह्या. त्या दिवशी एकोणीस हजारांची विक्री झाली, पण तो पाडवा होता. मे महिन्यात दिवसाला हजार-बाराशे. पावसाळ्यात पापड सादळले, चार हजारांचा माल टाकावा लागला, तेव्हापासून पावसाळ्यात थोडाच ठेवते. जून २०२४ मध्ये आई म्हणाली बघ, वह्या अजून जातात. खरंच गेल्या, महिन्याभरात बावन्न हजारांच्या. नोकरी ऑगस्टात सोडली, त्याआधी नाही. तसंच करा असं सांगेन, दुकान आणि नोकरी दोन्ही चार-पाच महिने ओढायला लागलं तरी.

भाडेपावतीला मात्र दीड वर्ष लागलं. मालकाच्या घरात वाटणी चालू होती, कुणाच्या सहीने पावती द्यायची हेच ठरेना. मी दर दोन महिन्यांनी पत्र देत होते, भाडं संमतीपत्रानंतर घ्यायला लागले होते पण पावती आजोबांच्याच नावाची. उरलेले साडेसदतीस हजार माझ्याकडे होते म्हणून त्यांनाही ते संपवायचं होतं, नाहीतर हे असंच राहिलं असतं असं मला वाटतं. एवढा आग्रह पावतीचाच का, असं दादा विचारायचा. आजूबाजूच्या इमारती रीडेव्हलपमेंटला जातायत. उद्या आमची गेली तर भाडेकरूंच्या यादीत नाव कुणाचं, गाळा किती फुटांचा, हे पावतीवरून ठरणार, आणि दुकानाला आज जेवढी जागा आहे तेवढीच मिळते. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव त्या यादीत असून कसं चालेल. संमतीपत्रावर गाळ्याचं मापही लिहून घेतलं होतं मी, तेवढं तुम्हीही घ्या.

मधल्या काळात रस्ता बदलत होताच. चष्मेवाल्या काकांनी दुकान मुलाच्या मित्राला दिलं, तिथे आता चहाची फ्रँचायझी आहे, काका रोज संध्याकाळी तिथेच चहा प्यायला येतात. समोरचा फोटो स्टुडिओ गेला, ब्रोकरचं ऑफिस आलं. बाबा लहानपणी मला हात धरून दाखवायचे, इथे काय होतं तिथे काय होतं, पहिला बोलपट जिथे लागला ते मॅजेस्टिक थिएटर पाडून शॉपिंग सेंटर कसं झालं ते. मला तेव्हा कंटाळा यायचा. आता मी येणाऱ्या गिऱ्हाइकाला तसंच सांगते. पाट्या मराठीत झाल्या हे मला मनापासून आवडलं, रस्ता पुन्हा वाचता येतो, फक्त बऱ्याच पाट्यांवर नाव इंग्रजीच आहे, अक्षरं तेवढी आपली. नवीन दुकान काढणाऱ्याने नावाचा विचार थोडा आधी करावा, एवढंच वाटतं.

पत्रे टप्प्याटप्प्याने निघाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोचा शेवटचा टप्पा सुरू झाला, ९ तारखेपासून गिरगाव स्टेशनवर लोक उतरायला लागले. पहिल्याच आठवड्यात बीकेसीहून एक मुलगी आली, पाटी लांबून दिसली म्हणाली, कुळीथ पीठ घेऊन गेली.

आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आठवड्यात मेहताजींचा फोन आला, चेक घेऊन या. गेले. त्यांनी पावतीपुस्तक काढलं, चष्मा लावला, माझं पूर्ण नाव विचारून लिहिलं, मग व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, स्टेशनरी व खाद्यपदार्थ. त्यांनी तसंच लिहिलं. घरी आल्यावर आईने पावती देवापुढे ठेवली, दुसऱ्या दिवशी मी ती फाईलला लावली, आजोबांच्या १९६१ च्या पावतीच्या वरच्या पानावर.

आता लाईटचा मीटर राहिलाय, तो अजून आजोबांच्या नावावर आहे. अर्ज भरून ठेवलाय, सोमवारी दुकान उघडायच्या आधी जाऊन येईन.